तीन वेळा पाण्याने धुवावे

शास्त्रात सत्यापेक्षा मोठं काही नाही, याबद्दल दुमत नसावं. अडचण एवढीच की सत्य मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते वार्षिक अहवालाच्या तक्त्यात बसत नाही. म्हणून शास्त्राची देखभाल करणाऱ्या संस्थांनी फार विचारांती असं ठरवलं, की सत्याऐवजी त्याचा उल्लेख मोजावा. एका संशोधकाने आपल्या शोधनिबंधात दुसऱ्याच्या शोधनिबंधाचं नाव घेतलं, की त्या दुसऱ्याच्या नावावर एक उद्धरण जमा होतं. नाव कशासाठी घेतलं, हे विचारायची पद्धत नाही. (लग्नाला माणसं किती आली एवढंच मोजतात. आशीर्वाद द्यायला किती आली आणि नावं ठेवायला किती, हे कोणी मोजत नाही.)

ही पद्धत किती न्याय्य आहे ते भुकटी सरांच्या उदाहरणावरून कळेल.

भुकटी सर औषधी रसायनशास्त्राच्या एका संस्थेत तिसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतच्या टेबलापाशी, नवे रेणू बनवत असत. औषधी रसायनशास्त्र म्हणजे, थोडक्यात सांगायचं तर, आजाराला आवडणार नाही असं काहीतरी बनवून बघणं. सरांचे रेणू आजारांना आवडत नसत आणि नावडतही नसत. आजार त्यांच्याकडे लक्षच देत नसत. दिसायला सगळे एकजात पांढरी भुकटी. सरांचं नाव त्यावरूनच पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. नाव चांगलं नव्हतं, पण खोटंही नव्हतं, आणि सरांचा आक्षेप फक्त खोट्याला असे.

अशा रीतीने त्यांनी दोनशे सोळा रेणू बनवले. प्रत्येकावर शोधनिबंध लिहिला. हा रेणू असा बनवावा, तीन वेळा पाण्याने धुवावा, तो अमुक अंशांना वितळतो, आणि तो काही करत नाही. शेवटचं वाक्य नेहमी एकच: ‘पुढील अभ्यासाची गरज आहे.’ पुढील अभ्यास कोणी केला नाही. एवढ्या वर्षांच्या तपश्चर्येची एकूण उद्धरणं एकतीस. त्यांतली बावीस सरांनी स्वतःच स्वतःला दिलेली (याला अहवालात ‘सातत्य’ म्हणतात), सहा त्यांच्या गुरूंची, दोन एका जुन्या विद्यार्थ्याची, आणि एक अशा कुणाचं तरी, ज्याला त्याच आडनावाचा दुसरा गृहस्थ हवा होता. त्याने पुढे माफी मागितली. संस्थेने उद्धरण वजा केलं नाही.

समोरच्या खोलीत एक बाई बसत. त्यांना सगळे स्फटिकवाल्या बाई म्हणत. रेणूंचे स्फटिक करून, त्यांच्यातला कण न् कण कुठे बसला आहे हे त्या शोधून काढत. त्यांच्या कामात बोट ठेवायला जागा नसे. त्यामुळे कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि कोणी बोट ठेवलं नसल्यामुळे त्यांचा प्रभाव शून्य होता. ‘आपल्या कामावर जगाला काहीच म्हणायचे नसल्याचे निदर्शनास आले आहे, तरी खुलासा करावा,’ असं कार्यालयाने त्यांना कळवलं होतं.

मग दोनशे सतरावा रेणू झाला.

हाही पांढरा. नेहमीप्रमाणे तपासणीला गेला. जंतूंवर टाकला, जंतू मेले. सुजेवर टाकला, सूज उतरली. निरनिराळ्या गाठींच्या पेशींवर टाकला, त्या आकसल्या. एका बशीत चुकून बुरशी आली होती, तीही गेली. जो सगळ्यांशीच भांडतो त्याचं कुणाशीच खरं भांडण नसतं, एवढा संशय मुरलेल्या रसायनज्ञाला यायला हवा होता. पण ज्याच्याकडे आयुष्यभर कोणी वळून पाहिलेलं नाही, त्याला हाक आली की तो ‘मलाच का?’ असं विचारत बसत नाही. सरांनी निबंध लिहिला आणि छापला.

त्यानंतर सगळ्या जगाने रेणू २१७ बनवून बघितला. निबंधात लिहिलेलं अक्षर न् अक्षर पाळलं. रेणूने काही केलं नाही.

काही न करण्याचा हा अनुभव प्रत्येकाने लिहून छापला, आणि प्रत्येकाला त्यात भुकटी सरांचं नाव घ्यावंच लागलं. दोन वर्षांत चारशे बारा उद्धरणं झाली. सरांनी एका रविवारी बसून त्यांची वर्गवारी केली:

सहमत नाही – २८८
अजिबात सहमत नाही – ७१
आमच्या विद्यार्थ्याची वर्षं फुकट गेली – ३९
सहमत – ११
इतर – ३ (त्यांत एक कविता होती)

हीच वर्गवारी संस्थेच्या संचालकांनीही केली. ती अशी: उद्धरणं – ४१२.

संस्थेचा क्रमांक एकदम वर गेला. दारातल्या पाटीला नवा रंग दिला. सरांचा सत्कार झाला, त्यात संचालक म्हणाले, “चारशे बारा लोकांना आपल्या सरांचं नाव लिहावं लागलं. आपल्या बाकीच्यांचं नाव कोण लिहितं? हजेरीपटावरसुद्धा आपलं आपल्यालाच लिहावं लागतं!” टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात स्फटिकवाल्या बाईंनी वाजवल्या. त्यांच्या खुलाशाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

सत्कारापाठोपाठ ‘दर्जेदार चूक योजना’ आली. परिपत्रकातल्या अटी मुळातून वाचण्यासारख्या आहेत. चूक दुर्लक्ष करता येणार नाही एवढी मोठी असावी, पण ‘याच्या नादी कोण लागतो’ असं वाटण्याएवढी मोठी नसावी. इतरांकडच्या उपकरणांवर ती खोडता आली पाहिजे, नाहीतर खोडायला येणार कोण? चूक प्रामाणिक असावी. मुद्दाम केलेली आढळल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. (प्रामाणिक चुकांचं वार्षिक उद्दिष्ट दर विभागाला दोन.) आणि चूक करणाऱ्याने निवृत्त होईपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहावं.

शेवटच्या अटीवर सरांचं घोडं अडलं. त्याला कारण त्यांची मुलगी.

मुलगी दुसऱ्या गावी याच विषयात डॉक्टरेट करत होती. बापाचं नाव ऐकून तिच्या गाइडने तिला विषय दिला तो रेणू २१७. दर रविवारी तिचा फोन येई आणि आई तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवी.

“बाबा, तुमचा रेणू माझ्याकडे काहीच करत नाही हो. नुसता बसून राहतो.”

“आपल्याच घरातला ना,” आई म्हणाली, “बसूनच राहणार.”

“तू थांब गं जरा. काय रे बाळा, धुतेस ना नीट?”

“तुम्ही लिहिलंय तीनदा. मी पाचदा धुते.”

“शाबास,” सर म्हणाले. धुण्यात कसूर करायची नाही, हे त्यांनीच तिला लहानपणापासून शिकवलं होतं. ती दुधाचं पातेलंसुद्धा असं घाशी की आईला त्यात तोंड दिसे.

“पण गाइड म्हणतात, अकरा ठिकाणी चालला आणि तुझ्याकडेच चालत नाही, म्हणजे दोष तुझ्या हातात आहे. सगळ्यांसमोर म्हणाले, बाबा. हाताला गुणच नाही म्हणाले. सत्र संपेपर्यंत चालवून दाखव, नाहीतर जागा सोड.”

आईने पदर सावरला आणि नवऱ्याकडे बघितलं. “अहो, जगाला दिलंत ते दिलंत. पोरीला तरी चालणारं द्यायचंत.”

दुसऱ्या दिवशी सर संस्थेत गेले आणि काही वर्षांनंतर पुन्हा रेणू २१७ बनवायला बसले. बनवला, तीनदा धुतला, वाळवला, तपासणीला दिला. त्याने काही केलं नाही. मग कपाटातली मूळ बाटली काढली आणि त्यातली चिमूटभर भुकटी दिली. बशीतलं सगळं मेलं. दोन्ही भुकट्या पांढऱ्या. एकाच नावाच्या. एकाच बापाच्या.

तेव्हा सरांनी ते केलं जे शाळेतलं पोरही करील आणि नावाजलेला संशोधक करत नाही. दोन मुशींमध्ये दोन्ही भुकट्या घेतल्या आणि जाळून बघितल्या. खरा रेणू जळून जातो, मागे काही ठेवत नाही. पहिल्या मुशीत काही राहिलं नाही. दुसरीत, मूळ बाटलीतल्या भुकटीचा, नखावर मावेल एवढा अवशेष राहिला. तापलेला असताना पिवळा. सर बघत उभे राहिले. निवता निवता तो पांढरा झाला.

गरम असताना पिवळं आणि निवल्यावर पांढरं असं रसायनशास्त्रात जे काही आहे, ते जस्ताचं आहे. रेणू बनवताना त्यात जस्त घालावं लागे, आणि ते निघून जावं म्हणूनच तर तीनदा धुवायचं. सरांना तो दिवस आठवला. गच्चीवरची टाकी साफ करायला माणसं आली होती आणि तिसऱ्या मजल्याच्या नळाला पाणी नव्हतं. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने एकदा विसळलं होतं. म्हटलं, पाणी आलं की राहिलेलं धुऊ. पाणी आलं तेव्हा भुकटी तपासणीला गेली होती. आणि निबंध लिहायला बसले तेव्हा दोनशे सोळा वेळा लिहिलेलं वाक्य हाताने आपोआप लिहिलं: तीन वेळा पाण्याने धुवावे.

म्हणजे जे मारत होतं ते उरलेलं जस्त. ज्यांनी सरांची पद्धत मनोभावे पाळली, त्यांनी औषध मोरीत सोडलं आणि उरलेली भुकटी तपासत बसले. ज्या अकरा जणांना यश आलं, त्यांच्याकडे एकतर पाणी नव्हतं किंवा कंटाळा होता. आणि सगळ्या जगात रेणू २१७ सर्वांत स्वच्छ बनवला होता तो हाताला गुण नसलेल्या त्या मुलीने.

सर तडक संचालकांकडे गेले.

“बसा, बसा,” संचालक म्हणाले. “पाचशेचा आकडा कधी गाठताय?”

“सर, तो रेणू काही करत नाही.”

“हे तर सगळेच म्हणतात.”

“आता मीही म्हणतोय. मला दुरुस्ती छापायची आहे.”

संचालकांनी चष्मा काढला, उठून दार लावलं, परत येऊन बसले. “तब्येत बरी आहे ना? घरी सगळं ठीक?”

“त्यात जस्त राहिलं होतं. नळाला पाणी नव्हतं.”

“कुठल्या नळाला?” संचालकांनी वही ओढली. सरांना वाटलं, चौकशी होणार. बरं वाटलं.

चौकशी झाली. त्यासाठी ‘चूक संवर्धन समिती’ नेमली गेली आणि तिने बऱ्याच महिन्यांच्या बैठकांनंतर एकमताने दोन निर्णय घेतले. पहिला: सदर चूक कर्मचाऱ्याने नोकरीच्या वेळेत, संस्थेच्या साहित्यातून आणि संस्थेच्या नळाच्या सहकार्याने केलेली असल्यामुळे ती संस्थेची मालमत्ता आहे, आणि कर्मचाऱ्यास ती एकतर्फी मागे घेता येणार नाही. दुसरा: तिसऱ्या मजल्यावरील नळ ज्या स्थितीत होता त्या स्थितीत जतन करावा. त्याप्रमाणे तिथलं पाणी कायमचं बंद करण्यात आलं. तिसऱ्या मजल्यावरचे लोक भांडी धुवायला दुसऱ्यावर जाऊ लागले, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गर्दीत धक्का लागून, नोंदी सांगतात, दोन प्रामाणिक चुका झाल्या.

“तुमचं नशीब थोर,” स्फटिकवाल्या बाई जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या. त्यांच्या हातात धुवायच्या नळ्यांची पाटी होती. “मी त्या दिवशी पाणी यायची वाट बघत बसले होते. काय करणार?”

“बाई, मी दुरुस्ती छापणार आहे.”

“छापा. मीही आयुष्यभर बरोबरच छापलंय,” बाई म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या.

सर भित्रे होते, हे सगळी संस्था सांगेल. शिपायाकडे पंखा लावायला सांगतानासुद्धा ते आधी दोनदा खाकरत. पण ‘हाताला गुण नाही’ हे शब्द त्यांच्या घशाखाली उतरत नव्हते. त्यांनी समितीला न विचारता एक पानाची दुरुस्ती लिहिली. जस्त राहिलं होतं. चूक माझी आहे. ज्यांना रेणू चालवता आला नाही त्यांचे हात निर्दोष आहेत. एवढंच. त्यांनी ते पान चारदा वाचलं, दोन ठिकाणी शंका आली म्हणून पुन्हा दोन्ही मुशी जाळून बघितल्या, आणि मग रविवारची वाट न बघता मुलीला फोन लावला.

“बाळा, सुटलीस. चूक माझी होती. उद्या दुरुस्ती पाठवतो. तुझ्या गाइडला सांग, माझ्या मुलीचा हात जगात सगळ्यांत स्वच्छ आहे.”

सरांना वाटलं, आता पोरगी रडणार.

“बाबा,” ती म्हणाली, “उद्या नका पाठवू.”

“का गं?”

“गाइडचं मत केव्हाच बदललंय, तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही. आता माझा प्रबंधच ‘रेणू २१७ का चालत नाही’ यावर आहे. चार पेपर गेलेत. पाचव्यात मी म्हटलंय की कारण अत्यंत गुंतागुंतीचं असावं. आणि तुम्ही म्हणताय नळाला पाणी नव्हतं!”

“पण नव्हतंच.”

“अहो, पण चारशे पानं लिहिलीत मी! तुम्ही एका पानात सांगून मोकळे झालात तर मी कशावर डॉक्टर होऊ? वर्षभर थांबा ना. एवढी वर्षं चुकीचं राहिलात, अजून एक वर्ष काय जड आहे?”

आईने फोन हातात घेतला. “जेवतेस ना वेळेवर?” एवढं विचारून तिने तो परत दिला.

“बरं,” सर म्हणाले. मग, खाकरून, “पण हात निर्दोष आहे हो तुझा.”

“ते मला पहिल्यापासून माहीत होतं, बाबा,” मुलगी हळू आवाजात म्हणाली. “गाइडना कळू देऊ नका.”

वर्षभराने तिची तोंडी परीक्षा झाली. सर शेवटच्या रांगेत बसले होते. मुलगी सुरेख बोलली. प्रबंधात बापाचं नाव त्रेसष्ट वेळा आलं होतं, त्रेसष्टही वेळा विरोधात. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “मूळ लेखक हयात आहेत का?”

“आहेत,” मुलगी म्हणाली. “मागे बसलेत.”

सगळ्या माना वळल्या. सर अर्धवट उठून उभे राहिले.

“मग कारण यांनाच का विचारलं नाहीत?” परीक्षक म्हणाले.

“तशी आपल्याकडे पद्धत नाही,” गाइड म्हणाले. परीक्षकांनी चूक लक्षात आल्यासारखी मान हलवली, सर खाली बसले, आणि मुलगी डॉक्टर झाली.

त्याच आठवड्यात सरांनी दुरुस्ती पाठवली. ती छापून आली. त्या दिवशी संचालकांनी दुपारचा चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. त्या महिन्यात काही झालं नाही. वर्ष संपता संपता मूळ निबंधाची उद्धरणं अकराशेच्या वर गेली; संशोधक पूर्वीप्रमाणेच सहमत नव्हते आणि कारण अत्यंत गुंतागुंतीचं असावं असं लिहीत होते. दुरुस्तीची उद्धरणं शून्य.

“मी उगाच घाबरलो होतो,” संचालकांनी सरांना बोलावून मोठ्या मनाने सांगितलं. “सत्याने काही बिघडत नाही हो, सर. अधूनमधून छापत चला.”

सरांनी मुलीला विचारून बघितलं. आता तिला नोकरी होती, हाताखाली विद्यार्थी होते, रेणू २१७ वरच काम चालू होतं. “एखाद्या निबंधात माझ्या दुरुस्तीचा उल्लेख केलास तर...”

“करीन ना, बाबा. पण केला तर त्याच्यापुढे काय लिहू?”

स्फटिकवाल्या बाईंनी मात्र दुरुस्ती मिळवून, बसून वाचली. जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, “वाचलं मी. बरोबर आहे.” सर थांबले. बाईही थांबल्या. पुढे म्हणण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं.

संस्थेच्या नोंदीप्रमाणे आजवर ती दुरुस्ती तिघांनी उघडली आहे: सरांनी, बाईंनी, आणि शुद्धलेखन पुन्हा एकदा बघायला आणखी एकदा सरांनी (यंत्राला ते तिसरे वाटले).

इथवर आल्यावर वाचकाला संचालकांचा राग आला असेल, गाइडची चीड आली असेल आणि भुकटी सरांबद्दल वाईट वाटलं असेल. ते साहजिक आहे, आणि तशी संवेदनशील माणसं समाजात आहेत हे बघून समाधान वाटतं. ती दुरुस्ती एक पानाची आहे, फुकट आहे, सोप्या भाषेत आहे, आणि तिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ही कथा तिच्या कितीतरी पट लांब आहे, आणि हिच्यात कशाचाही पुरावा दिलेला नाही. ही तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत.